सामाईक संगणक-संचात संशोधकांचा हिस्सा

हवामानाचे गणित, प्रथिनांची रचना, ताऱ्यांची उत्क्रांती यांसारख्या विषयांच्या अभ्यासास एका संगणकाचे बळ पुरत नाही. शेकडो संगणक वेगवान जाळ्याने जोडून त्यांच्याकडून एकच काम वाटून करवून घ्यावे लागते. अशा जोडणीस क्लस्टर किंवा संगणक-संच म्हणतात, व त्यातील प्रत्येक घटक-संगणकास नोड. 1994 साली अमेरिकेत नासाच्या गॉडर्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून ‘बेओवुल्फ’ नावाचा 16 प्रोसेसरांचा संच उभारला, आणि असे संच साध्या प्रयोगशाळेच्याही आवाक्यात आले.

सोयीबरोबर अडचणही आली. ज्याला अनुदान मिळाले तो प्राध्यापक आपला स्वतंत्र संच घेऊ लागला. यंत्रे प्रयोगशाळेच्या एखाद्या कोपऱ्यात किंवा अडगळीच्या खोलीत राहत. त्यांची देखभाल संशोधक विद्यार्थ्याच्या गळ्यात पडे आणि त्याचा प्रबंध मागे राही. वीज व वातानुकूलन यांचा भार इमारतीस सोसत नसे. शिवाय निबंध पुरा करण्याच्या घाईत रात्रंदिवस राबणारी यंत्रे पुढे कित्येक महिने स्वस्थ बसत, तर शेजारच्या विभागात कामे तुंबलेली असत.

यावर अनेक विद्यापीठांनी जो मार्ग काढला त्यास ‘कॉन्डो’ पद्धती म्हणतात. सदनिका ज्याची त्याची, पण जिना, पाण्याची टाकी व पहारेकरी सर्वांचे, अशा गृहसंकुलाच्या अमेरिकन नावावरून हे नाव आले. (विस्कॉन्सिन विद्यापीठात 1988 च्या सुमारास रिकाम्या संगणकांना काम पुरविणारी ‘कॉन्डॉर’ नावाची प्रणाली तयार झाली, ती वेगळी, नामसादृश्यामुळे गल्लत होऊ नये.) संशोधन-गटाने आपल्या अनुदानातून नोड विकत घ्यावयाचे, जागा, वीज, शीतकरण, जाळे आणि व्यवस्थापक यांची तरतूद प्रामुख्याने विद्यापीठाने करावयाची.

यातील हक्काचे स्वरूप समजण्यास आपल्याकडील सामाईक विहिरीचा व्यवहार आठवावा. ज्याचा चार आणे हिस्सा, त्यास त्या प्रमाणात पाण्याची पाळी. हिस्सा पाण्यात असतो; विहिरीचा अमुक कोपरा माझा, असे कोणी म्हणत नाही. तद्वत गटाने आठ नोड दिले असतील तर त्यास तेवढ्या बळाचा प्राधान्याने लाभ मिळतो, मग प्रत्यक्ष काम कोणत्याही नोडवर चालो. त्याचे शेत पडीक असेल तेव्हा त्याच्या पाळीचे पाणी शेजाऱ्यास मिळते, आणि त्यास नड असेल तेव्हा शेजाऱ्याच्या पाळीतील उरलेले पाणी तोही घेऊ शकतो. प्रश्न उद्भवतो तो मालक अचानक परत आला म्हणजे.

येथे दोन विद्यापीठांची रीत पाहण्यासारखी आहे. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाने मे 2008 मध्ये ‘स्टील’ नावाचा 800 हून अधिक नोडांचा संच, सुमारे 200 जणांचे हात लावून, अर्ध्या दिवसात उभा केला. पर्ड्यूच्या सामाईक संचांवर उसन्या बळावर चालणाऱ्या कामास चार तासांची मर्यादा घालण्याची प्रथा पडली. त्यामुळे मालकास फार तर तेवढाच वेळ थांबावे लागते, आणि सुरू झालेले काम कोणी मध्येच मोडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील, 2014 साली सुरू झालेल्या ‘सॅव्हिओ’ संचावर रीत निराळी आहे. तेथे कनिष्ठ प्राधान्याच्या रांगेतील काम दीर्घकाळ चालू शकते, पण मालकास नोडांची गरज भासताच ते बंद करण्यात येते.

एकीत मालकाचा खोळंबा, दुसरीत पाहुण्याचे नुकसान. ज्याचे काम दोन दिवस चालून अर्ध्यावर तुटते, त्या विद्यार्थ्यास हा केवळ तात्त्विक भेद राहत नाही. म्हणून कामाची स्थिती ठरावीक अंतराने साठवणीत नोंदवून ठेवण्याची सवय लागते. यास चेकपॉइंट म्हणतात. तशी नोंद असली म्हणजे तुटलेले काम तेथून पुढे चालू करता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते पर्ड्यूची रीत नवख्यास अधिक सोयीची आहे. मात्र चार तासांच्या तुकड्यांत न बसणाऱ्या कामास तेथेही चेकपॉइंटवाचून गत्यंतर नाही.

हाती असलेले कोणतेही जुने यंत्र आणून संचात जोडता येते, असा मात्र समज नसावा. नोड एकाच घडणीचे व विद्यापीठाने ठरविलेल्या नमुन्याचे असावे लागतात, अन्यथा देखभालीचा खर्च आवरत नाही. म्हणूनच पुष्कळदा खरेदीही एकत्रित होते, आणि घाऊक मागणीमुळे विक्रेत्याकडून सवलत मिळते. ज्यांना अनुदानच नाही अशा विभागांसाठी काही नोड विद्यापीठाने स्वखर्चाने घ्यावे लागतात. बर्कली येथे तशी तरतूद आहे. नाहीतर हिस्सेदारांच्या उरल्यासुरल्यावरच त्यांची भिस्त राहते.

हा हिस्सा वंशपरंपरेचाही नव्हे. विक्रेत्याची हमी संपली आणि यंत्रे जुनी झाली, म्हणजे साधारणतः चार-पाच वर्षांनी, ती संचातून काढली जातात आणि त्यांबरोबर गटाचे प्राधान्यही संपते. नव्या पाळीसाठी त्या गटास नवे अनुदान मिळवून पुन्हा नोड घ्यावे लागतात.