आठवड्याचा एक तास आणि मधले सहा दिवस

रिसोडमध्ये पियानो शोधायला निघालात, तर बहुधा हात हलवत परत यावं लागेल. पेटी मात्र हवी तेवढी सापडेल. भजनी मंडळात आहे, सप्ताहाच्या मांडवात आहे, कुणाच्या तरी देवघराशेजारी रेशमी कापडाखाली झाकलेली आहे. आणि अलीकडे बऱ्याच घरांत कपाटावर एक कीबोर्डही असतो. मुलासाठी घेतलेला. मुलगा पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेला, कीबोर्ड मागे राहिला. मग कधीतरी निवृत्तीच्या आसपास वडील किंवा आई तो खाली काढतात, धूळ पुसतात आणि दोन शंका हमखास येतात. या वयात बोटं वळतील का? आणि शिकवणारा भेटला तरी आठवड्यातून एकदाच भेटणार, तेवढ्यानं काय होणार?

या दोन्ही शंकांचं उत्तर जर्मनीतल्या हॅनोव्हर आणि स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा इथल्या एका प्रयोगातून बरंचसं मिळतं. हॅनोव्हरच्या संगीत विद्यापीठातील संशोधकांनी जिनिव्हाच्या सहकाऱ्यांबरोबर ६२ ते ७८ वर्षांची निवृत्त माणसं निवडली. अट अशी की आयुष्यात वाद्य शिकलेलं नसावं, शिकलं असलंच तर सहा महिन्यांपेक्षा कमी. अर्ध्यांना पियानो शिकवला; उरलेल्यांना संगीत ऐकणं, त्याचा इतिहास, त्यावर चर्चा एवढंच दिलं, वाद्याला हात नाही. दोन्ही गटांना वर्षभर आठवड्यातून एकच तास आणि घरी रोज अर्ध्या तासाचा अभ्यास.

सहा महिन्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेतल्या तेव्हा ‘फॉर्निक्स’ या भागात फरक दिसला. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसपासून निघणारा हा चेतातंतूंचा जुडगा वयानुसार विरळ होत जातो. नुसतं ऐकणाऱ्या गटात तंतूंची घनता किंचित घटली, पियानो शिकणाऱ्या गटात ती टिकून राहिली. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

इथं थोडं थांबायला हवं, कारण अशा बातमीवरून ‘पियानो शिका, विस्मरण टाळा’ अशी जाहिरात करायला कुणाला वेळ लागत नाही. शंभराहून थोड्या अधिक लोकांवरचा, सहा महिन्यांचा हा निष्कर्ष आहे. त्यातून पियानोनं स्मृतिभ्रंश टळतो असं सिद्ध होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर २०२० मध्ये जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी ५४ अभ्यास आणि सुमारे सात हजार मुलं यांचा एकत्रित आढावा घेतला. काटेकोर आखणीचे अभ्यास तेवढे पाहिले, तर संगीतशिक्षणानं बुद्धिमत्ता किंवा शालेय गुण वाढल्याचं आढळलं नाही. तेव्हा गणित सुधारेल म्हणून पोराला क्लासला घालणाऱ्यांनी ती आशा सोडावी. पेटी शिकल्यानं पेटी येते, आणि ते पुरेसं कारण आहे.

आता आठवड्यातून एकदाच भेटणाऱ्या गुरुजींकडे वळू. बोटांचं शिक्षण शिकवणीच्या तासात होतं असं आपण धरून चाललेलो असतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं काम नंतर, आणि त्यातलंही काही झोपेत होतं. मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक साधा प्रयोग केला. उजवखुऱ्या माणसांनी डाव्या हाताच्या बोटांनी पाच आकड्यांचा एक क्रम जमेल तितक्या वेगानं पुन्हा पुन्हा दाबायचा. सकाळी शिकून संध्याकाळपर्यंत जागे राहिलेल्यांच्या वेगात फारसा फरक पडला नाही. झोप घेऊन आलेल्यांचा वेग मात्र सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता, मधे एकदाही सराव न करता.

म्हणून रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसणं फायद्याचं, कारण प्रत्येक बैठकीनंतर एक रात्र येते. शनिवारच्या तासाला शिकवलेली ओळ बुधवारपर्यंत जमत नसेल तर घाबरायचं कारण नाही. ती सोमवारी पाटीवर लिहून पुसलेल्या शब्दासारखी गेलेली नसते. मात्र बुधवारी पाटी हातातच घेतली नाही, तर झोपेला पक्कं करायला काही उरत नाही.

पेटी येणाऱ्याला पियानो सोपा जाईल, असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी तीच. पेटीवर साधारण तीन-साडेतीन सप्तकं असतात, ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर पाच आणि पूर्ण पियानोवर ८८ पट्ट्या म्हणजे सात सप्तकांहून थोडं जास्त. सा कुठे, प कुठे हे डोळे मिटून सापडतं. उजव्या हाताला पलटे पाठ असतात. अडचण डाव्या हाताची.

ही अडचण ऐतिहासिक आहे म्हणाना. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेन यांनी १८४२ मध्ये ज्या हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तिचा भाता पायानं चालवायचा असे. दोन्ही हात वाजवायला मोकळे. आपल्याकडे संगीत नाटकांच्या साथीला असलेला ऑर्गनही पायानंच चाले. पण जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गवयाला ते सोयीचं नव्हतं. १८७५ मध्ये कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची पेटी तयार केली आणि ती देशभर पसरली. सोय झाली, पण डावा हात भात्याला जुंपला गेला, तो आजतागायत. चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवलेल्या माणसाचा डावा हात हवा भरण्यात वाकबगार असतो, स्वरांच्या बाबतीत मात्र कोरा.

शरीररचनेचीही एक गोम आहे. बोटांत जवळपास स्नायू नसतातच. त्यांना वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. मधलं बोट आणि अनामिका यांच्या कंडरा हाताच्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात. मधलं बोट दुमडून तळहात टेबलावर ठेवा आणि फक्त अनामिका उचलून पाहा. उचलत नाही ना? यात वयाचा दोष नाही. विशीतल्या पोराचीही उचलत नाही. त्यामुळे चौथं बोट कच्चं राहतं म्हणून स्वतःला बोल लावू नये आणि ते जबरदस्तीनं ताणूही नये.

दोन हात एकत्र आणताना मेंदूची एक जुनी सवय आडवी येते. दोन्ही तर्जन्या समोर धरून वायपरसारख्या एकाच दिशेनं, डावीकडे-उजवीकडे हलवा आणि हळूहळू वेग वाढवा. ठरावीक वेगानंतर बोटं आपोआप आरशातल्या प्रतिमेसारखी, एकत्र आत आणि एकत्र बाहेर जाऊ लागतात. अमेरिकी शास्त्रज्ञ स्कॉट केल्सो यांनी १९८०च्या दशकात याचा बारकाईनं अभ्यास केला. आरशासारखी हालचाल मेंदूला स्वस्त पडते. म्हणून नवशिक्यानं दोन्ही अंगठे मधल्या सा वर ठेवून उजव्या हातानं वर आणि डाव्यानं खाली जावं. दोन्हीकडे एकाच वेळी तेच बोट येतं आणि पहिल्याच आठवड्यात दोन हात एकत्र वाजल्याचा आनंद मिळतो. दोन्ही हातांनी एकाच दिशेनं सरगम म्हणजे डाव्याची करंगळी आणि उजव्याचा अंगठा एकदम; ते पुढच्या महिन्याचं काम. बऱ्याच क्लासेसमध्ये ते आधी शिकवतात आणि प्रौढ विद्यार्थी तिथंच हाय खातात.

आणखी एक फरक पेटीवाल्यांना चकवतो. पेटीवर भाता चालू आहे तोवर स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्याच क्षणापासून स्वर विरू लागतो. लहान-मोठा आवाज भात्यावर नाही, पट्टी किती वेगानं दाबली त्यावर ठरतो. कपाटावरचा कीबोर्ड स्वस्तातला असेल तर हलकं दाबा की जोरात, आवाज एकसारखाच येईल. नवीन घेणार असाल तर ‘टच सेन्सिटिव्ह’ आहे का एवढं विचारून घ्या. मींड मात्र दोन्हीवर नाही. याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि त्याच काळात शेजारच्या जालन्याचे आप्पा जळगावकर देशातले नावाजलेले पेटीवादक झाले.

सरावाच्या वेळेला वीज गेली तर? हा प्रश्न हॅनोव्हरमध्ये कुणाला पडला नसेल, पण उत्तर अमेरिकेत सापडलं आहे. १९९५ मध्ये अल्व्हारो पास्कुआल-लिओने यांनी कधीच पियानो न शिकलेल्यांना पाच बोटांचा एक व्यायाम दिला. एका गटानं पाच दिवस रोज दोन तास तो वाजवला. दुसरा गट तेवढाच वेळ पियानोसमोर बसून बोटं न हलवता तो फक्त मनात वाजवत राहिला. दोन्ही गटांत बोटं हलवणाऱ्या मेंदूच्या भागाचा नकाशा विस्तारला. पाचव्या दिवशी मनात वाजवणाऱ्यांची तयारी प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकी होती, आणि नंतरच्या एकाच प्रत्यक्ष बैठकीत त्यांनी बरोबरी गाठली. तेव्हा अंधारात, एसटीच्या थांब्यावर किंवा बाजार समितीत नंबर लागेपर्यंत ओळ मनात वाजवायला हरकत नाही.

तब्येतीचं थोडं. खुर्ची इतकी उंच हवी की कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल. पलंगावर बसून मांडीवर कीबोर्ड घेतला की मनगट मोडून बसतं. दर दहा मिनिटांनी हात खाली सोडा. मधुमेह असणाऱ्यांत बोट अडकून ‘टक्’ असा आवाज होऊन सुटणं किंवा रात्री तळहाताला मुंग्या येणं अधिक आढळतं. तसं होत असेल तर सराव रेटू नये, आधी डॉक्टरांना हात दाखवावा.

राहिला शिकवणारा. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा स्वतंत्र विभाग आहे, तिथं पियानो रीतसर शिकवतात. आपल्याकडे ती सोय जवळ नाही. महाविद्यालयात संगीत शिकवणारे प्राध्यापक, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची तयारी करून घेणारे पेटीचे गुरुजी आठवड्याला एक तास देऊ शकत असतील, तर पहिलं वर्ष निभावून जातं. फक्त त्यांना आधीच सांगा, की गुरुजी, डाव्या हातालाही काम द्या. सुरुवात तोंडपाठ भजनापासून करा. उजव्या हातात चाल आणि डाव्या हातात समेवर फक्त सा, मग सा आणि प.