परवाना आणि परवानगी

बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीच्या पुढे गेलं, की आमच्या आत्याचं गाव. डिचोली तालुक्यातलं. लहानपणी तिथं जायचं आकर्षण दोन गोष्टींचं. एक काजूची बोंडं आणि दुसरी आतोबांची केपाची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, छर्रे घालायचे, केप बसवायची आणि बार काढायचा. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. तोवर रानडुक्कर पलीकडच्या डोंगरावर पोचलेलं असायचं!

गेल्या उन्हाळ्यात सहकुटुंब गेलो, तेव्हा घरात त्याच बंदुकीचा विषय चालला होता. आतोबांनी सत्तरी ओलांडली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून आतेभावानं कागदपत्रं जमवायला घेतली होती. नेमकी आदल्याच रात्री डुकरांनी कुळागरात धुमाकूळ घातलेला. सुरण उकरलेला, केळी आडव्या पडलेल्या.

"परवाना हातात येऊ दे, पहिला बार त्यांच्यावरच," आतेभाऊ म्हणाला.

आतोबा झोपाळ्यावरून शांतपणे म्हणाले, "बंदूक आमची, पूण दुकर सरकाराचो!"

माझी बायको धारवाडची. ती म्हणाली, "परवाना असल्यावर परवानगी कशाला? आमच्या कन्नडात लायसन्सलाच परवानगी म्हणतात." सगळे हसले. पण वाचकहो, खरी मेख इथंच आहे. आपल्या दोन भाषांत जो एक शब्द दोन अर्थांनी फिरतो, त्याच दोन अर्थांमध्ये कितीतरी बंदूकवाले शेतकरी अडकतात.

१९५९ चा शस्त्र कायदा पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक देतो. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. मात्र तिची नळी निदान वीस इंचांची हवी. हा झाला परवाना. पण जनावर मारायचं की नाही, हे ठरवतो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर त्याला मारायची मुभा मिळू शकते, पण वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या कारणांसह दिलेल्या लेखी आदेशानंच. ही झाली परवानगी. पहिला कागद हातात असला, म्हणून दुसरा खिशात आला असं होत नाही.

"मग पीक राखायला बंदूक देतात ती काय आरती करायला?" आतेभाऊ चिडून म्हणाला. त्याचा राग मला चुकीचा वाटला नाही. वर्षाची मेहनत एका रात्रीत मातीत जाते, तेव्हा कलमं कोण वाचत बसतो? पण त्याच्या सासुरवाडीकडे, पेडण्यात, एकानं असाच अर्थ लावला होता. परवान्याची बंदूक, स्वतःची जमीन, म्हणून डुक्कर पाडलं आणि वाडीत वाटेही घातले. मारलेलं वन्य जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, हे त्याला वनखात्याची माणसं दारात आल्यावर कळलं. त्या घरात चूल दोन दिवस पेटली नाही.

बंदुकीच्या बाबतीतही 'माझी वस्तू, मी काहीही करीन' चालत नाही. आतोबांच्या बंदुकीचं तोंड गंजलं आहे. गावातला एक कारागीर म्हणाला, "चार बोटं कापून देतो." सोपं काम! पण वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करायला शस्त्र कायद्याची बंदी आहे.

बायकोनं आणखी एक प्रश्न टाकला, "कोडगूत तर परवानाच लागत नाही ना?" खरं आहे. कोडवा लोकांना आणि जम्मा जमीनधारकांना ठरावीक बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे. तिची मुदत २०२९ पर्यंत असून, कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ती वैध ठरवली. पण ही सूट परवान्याची! रानडुक्कर मारायची मोकळीक त्यात नाही.

शब्दांचा असा खेळ परदेशातही चालतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं अर्धस्वयंचलित रायफलींवर त्यांच्या अंगांवरून निर्बंध घातले. मूठ कशी, दस्ता दुमडतो का, काडतुसांचं मॅगझिन सहज निघतं का. 'अवजाराशिवाय निघत नसेल तर ते बसवलेलंच' असा अर्थ धरून मालकांनी काडतुसाच्या टोकानं दाबायचं बटण बसवलं. २०१७ पासून कायद्यानं ती पळवाटही बुजवली. आपल्याकडे तशा रायफली सामान्य माणसाला मिळतच नाहीत. पण कायदा आपल्या सोयीनं वाचायची खोड सगळीकडे सारखीच!

अर्थात, वाचण्यात चूक फक्त शेतकऱ्याचीच होते असं नाही. २०२४ च्या लोकसभेला गोव्यात ७ मे रोजी मतदान झालं. ऐन काजूच्या हंगामात आतोबांची बंदूक ठाण्यात जमा होती. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची शस्त्रं न मागता एकेका परवानाधारकाची छाननी व्हावी, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलं आहे. केपाची बंदूक सांभाळणारा म्हातारा निवडणुकीत काय गडबड करणार? मला वाटतं, शेतकऱ्यानं कायदा नीट वाचावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण मग त्याचा लेखी अर्जही वेळेत वाचला जावा. डुक्कर काही टपालाची वाट बघत थांबत नाही.

निघायच्या दिवशी आतेभावानं वनखात्याला अर्ज लिहिला. कुठल्या रात्री काय गेलं, सगळं तारखांसकट. आतोबांनी परवान्याची प्लास्टिकची पिशवी काढली, अर्जाची प्रत तिच्यात घातली आणि पुन्हा कपाटाला कुलूप लावलं.

"एक कागद यायचा आहे, दुसराही यायचा आहे," ते मुलाला म्हणाले. "तोवर खोपीत जा आणि डबा वाजव."