गेमिंग संगणक : खर्च कोठे, काटकसर कोठे?

मुलाने गेमिंग संगणक घरीच जोडण्याचा हट्ट धरला, की व्यापारी घरात पहिला प्रश्न रकमेचा निघतो. खरा प्रश्न मात्र त्या रकमेच्या वाटणीचा आहे. खेळातील दृश्ये ग्राफिक्स कार्ड साकारते. म्हणून सर्वांत मोठा वाटा त्याचा. अतिमहाग प्रोसेसर आणि साधेसे कार्ड म्हणजे गादी-तक्के उंची, पण माल नसलेली पेढी!

काटकसर हटकून होते ती पॉवर सप्लायमध्ये, आणि तेथेच ती अंगलट येते. निकृष्ट पॉवर सप्लाय बिघडताना मदरबोर्ड व कार्डही जाळू शकतो. ‘८० प्लस’ ही खूण कार्यक्षमतेची आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे; तेव्हा कंपनीची ख्याती व वॉरंटीची वर्षेही पाहावीत. भाग परस्परांशी जुळणेही आवश्यक. एएमडीच्या २०२२ पासूनच्या ‘एएम५’ मदरबोर्डवर केवळ डीडीआर५ मेमरी चालते. घरातील जुनी डीडीआर४ तेथे बसतच नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस जरूर करावी, पण बिल सोडू नये. त्याविना वॉरंटीचा दावा अडतो. मात्र बिल पेढीच्या नावे करून १८ टक्के जीएसटीची वजावट घेण्याचा मोह टाळावा. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर कलम १७(५) नुसार ती मिळत नाही.

जोडणी मुलानेच करावी. आरंभी पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. प्रोसेसरवरील त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळला, की तो जोर न लावता अलगद बसतो.