एवढासा निरोप, केवढी जबाबदारी!

बालमित्रांनो, सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात कधी गेला आहात का? गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून लगबगीने फिरणारे तरुण ताई-दादा तिथे दिसतात. ते डॉक्टरकी शिकताहेत, बरं का! १९६३ साली सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या रुग्णालयाला जोडलेलं आहे. एम.बी.बी.एस.ची शेवटची परीक्षा झाली, तरी पुढे वर्षभर ‘इंटर्न’ म्हणून प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काम करावंच लागतं.

असे शिकाऊ डॉक्टर मधूनच मोबाईलवर काहीतरी लिहितात. “कामाच्या वेळी मोबाईल?” असं तुमच्या आईबाबांना वाटेल. पण तो दर वेळी खेळ नसतो. कुणाचा ताप चढला, कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट आला, हे मोठ्या डॉक्टरांना चटकन कळवायचं असतं.

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला. त्यात होत्या नाताळच्या शुभेच्छा! एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, मराठीची तर काना-मात्रा धरून ७०च. मग काय, शब्द छाटायची सवयच लागली!

मैत्रिणीला तुमचा छाटलेला शब्द कळला नाही, तर फार तर हसू होईल. पण औषधाचं काय? ‘५.०’ मधलं टिंब निसटलं, की झाले ‘५०’. म्हणजे औषध दहापट! ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याचाच अर्थ होतो उजवा डोळा!

म्हणून औषधाचं नाव पूर्ण लिहायचं, आकडा पुन्हा वाचायचा आणि शंका आली तर न लाजता विचारायचं. काम तातडीचं असेल, तर सरळ फोन करायचा. कारण पाठवलेला निरोप म्हणजे वाचलेला निरोप नव्हे!

आणखी एक. रुग्णाचा आजार हे त्याचं गुपित असतं. ते जपणं हा डॉक्टरांचा धर्म. चुकून भलत्याच ग्रुपवर नाव किंवा फोटो गेला, तर गावभर व्हायला कितीसा वेळ?

आज एवढं करून पाहा. आजीच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहा आणि घरातल्या कुणालाही मोठ्याने वाचायला सांगा. तुमच्या मनातलंच त्यांनी वाचलं, तरच निरोप पोचला म्हणायचा!