हृदयातला सांडवा

‘दम लागतो’ हे आपण फार सैलपणे म्हणतो. जिना चढल्यावर लागतो तोही दम, आणि रात्री आडवे झाल्यावर तासाभराने छाती भरून येते, माणूस दचकून उठून बसतो, खिडकी उघडायला सांगतो, तोही दमच. या दुसऱ्या दमाची जात वेगळी. त्यात पुष्कळदा फुप्फुसात पाणी उतरू लागलेले असते आणि त्याचे मूळ फुप्फुसात नसून हृदयातल्या वाढलेल्या दाबात असते.

माझी थोरली बहीण इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठच्या गावात राहते. रक्तदाब आणि साखर ही दुखणी जुनीच. गेल्या वर्षी एका उशीच्या तीन झाल्या. टू-डी इको काढला तर रिपोर्टात पंपिंग साठ टक्के, म्हणजे उत्तम, आणि खाली निदान मात्र हार्ट फेल्युअर. भाचा चक्रावला. त्यातच त्याने कुठेतरी वाचले, की हृदयाच्या पडद्यात छोटे छिद्र पाडून त्यात जाळी बसवतात आणि आतला दाब उतरतो. त्याचा फोन आला, “मामा, नदीकाठचा एकरभर तुकडा काढू, पण आईला हे बसवू.” मी डॉक्टर नाही. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यातली बरीच वर्षे बारामतीत गेली. पण प्रश्न पाण्याचा आणि दाबाचा आहे एवढे कळल्यावर मला राहवले नाही. जे वाचले, हृदयरोगतज्ज्ञांना विचारून तपासले, ते येथे मांडतो.

फुप्फुसातून शुद्ध झालेले रक्त डाव्या अलिंदात येते, तेथून झडपेतून डाव्या निलयात आणि तेथून साऱ्या शरीरात. या वाटेतली एक गोष्ट आमच्या खात्यातल्या माणसाच्या लगेच डोळ्यांत भरते: फुप्फुस आणि डावे अलिंद यांच्यामध्ये एकही झडप नाही. अलिंदात दाब चढला की तो जसाच्या तसा मागे फुप्फुसाच्या केशवाहिन्यांपर्यंत पोचतो. निरोगी माणसात हा दाब पाऱ्याच्या 8 ते 12 मिलिमीटरच्या आसपास असतो. रक्तातली प्रथिने पाण्याला सुमारे 25 मिलिमीटरच्या जोराने धरून ठेवतात. दाब त्या हद्दीला भिडला की पाणी केशवाहिन्यांतून पाझरून श्वासाच्या जागेत शिरते. दिवसा पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर छातीकडे परतते, म्हणून हा दम रात्रीचा.

आणि साठ टक्के पंपिंगचे काय? हा आकडा एवढेच सांगतो, की निलयात जेवढे रक्त भरले त्यातले किती बाहेर फेकले गेले. भरताना निलय किती सैलावले हे तो सांगत नाही. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, वय यांनी हृदयाचा स्नायू जाड आणि ताठ होतो. पिळतो नीट, पण सैल पडत नाही. मग त्यात रक्त भरायला अलिंदाला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जोर मागे फुप्फुसाला सोसावा लागतो. हार्ट फेल्युअरच्या सुमारे निम्म्या रुग्णांचे दुखणे या जातीचे असते, त्यांत वयस्क बायका बऱ्याच. ‘पंपिंग चांगले आहे’ या वाक्याने कितीतरी घरे निर्धास्त होतात, ते उगाच.

पाझराने होणारे नुकसान आमच्या भागाला नवे नाही. 1876-77च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, 1885 साली त्यातून पाणी खेळू लागले आणि बारामती-इंदापूरच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. पंचवीस वर्षांत त्याच रानाचे काही पट्टे चिबडले, वर पांढरे क्षार फुलले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी तांबे-तोटीचे नव्हे, या मातीचेच रसायन तपासले आणि 1910 साली तांहाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. ती राने पावसाने बुडालेली नव्हती. खालून चढलेल्या पाण्याने बुडाली होती. उपाय कोणीही सांगेल, चर खणा आणि पाणी काढून द्या. पण चर खणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा असतो, की काढलेले पाणी जाणार कुठे?

हृदयात चर खणण्याची कल्पना तशी जुनी आहे आणि ती निसर्गानेच दाखवून दिली. गर्भात असताना दोन्ही अलिंदांमधल्या पडद्याला एक वाट असते. जन्मानंतर ती मिटते, तरी साधारण चारांतल्या एका माणसात थोडी उघडी राहतेच. 1916 साली फ्रान्सच्या रेने ल्यूतांबाशे यांनी असे रुग्ण वर्णिले, ज्यांची डावी झडप आकसलेली होती आणि पडद्यातही छिद्र होते. पुढे ध्यानात आले, की झडप आकसलेली असूनही अशा रुग्णांच्या फुप्फुसांना त्रास कमी होतो. तुंबलेले रक्त छिद्रातून उजवीकडे निघून जाते. 1966 साली अमेरिकेत विल्यम रॅशकिंड यांनी शिरेतून फुगा नेऊन नवजात बाळांच्या पडद्यात मुद्दाम वाट पाडली. तिथे हेतू शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळण्याचा होता, पण छाती न उघडता पडदा उघडता येतो हे सिद्ध झाले.

आजचे साधन त्याचाच सुधारलेला अवतार. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर उजव्या अलिंदात नेतात, पडद्याला टोचतात आणि नितिनॉल या मिश्रधातूची घडी घातलेली जाळी तिथे उलगडतात. कॉर्व्हिया कंपनीच्या साधनात मधले छिद्र 8 मिलिमीटरचे. व्ही-वेव्ह कंपनीचे व्हेंचुरा वाळूच्या घड्याळासारखे, मधोमध 5 मिलिमीटर. डावीकडचा दाब जास्त, म्हणून रक्त आपोआप उजवीकडे वाहते. बॅटरी नाही, तार नाही. सांडव्याला जशी दारे नसली तरी चालते, पातळी चढली की पाणी आपले आपण पडते, तसेच हे.

इतकी सोपी, पटणारी गोष्ट. म्हणूनच तिची परीक्षा कशी घेतली हे महत्त्वाचे. पहिल्या मोठ्या चाचणीत ज्यांचे पंपिंग चाळीस टक्के किंवा जास्त आहे असे 626 रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला साधन बसवले. दुसऱ्याला गुंगी देऊन शिरेत नळी घालून सगळे सोपस्कार केले, पण साधन बसवले नाही. कोण कुठल्या गटात हे रुग्णाला ठाऊक नव्हते. 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: एकूणात फरक नाही. मला यातली सर्वात बोलकी गोष्ट वाटली ती ही, की बरे वाटू लागल्याचे दोन्ही गटांनी जवळजवळ सारखेच सांगितले. खोटी प्रक्रिया नसती तर ही जाळी आज घरोघर पोचली असती.

मग आकडे उलगडून पाहिले. व्यायामाच्या वेळी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या नीट सैलावत नव्हत्या, त्यांना जाळीने अपाय झाला. ज्यांच्या सैलावत होत्या, त्यांना फायदा होत असावा असे दिसले. 2024 साली 508 रुग्णांवरच्या व्हेंचुराच्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. एकूण गोळाबेरीज पुन्हा शून्य, पण त्या शून्यात दोन विरुद्ध गोष्टी दडलेल्या होत्या. पंपिंग चाळीस टक्क्यांपर्यंत उतरलेल्यांचे इस्पितळात जाणे कमी झाले. पंपिंग चांगले असलेल्यांची अवस्था बिघडली, त्यांच्यात मृत्यूही अधिक झाले.

कारण कालव्यावर नोकरी केलेल्याला अवघड नाही. इंदापूर हा नीरा डाव्या कालव्याचा शेवट, आमच्या भाषेत टेल. वरच्या अंगाला काहीही केले तरी त्याचा भोग टेलच्या शेतकऱ्याला. छिद्रातून उजवीकडे गेलेले रक्त नाहीसे होत नाही. ते उजव्या निलयातून पुन्हा फुप्फुसातच येते, आणि प्रत्येक फेरीत हा जादा भार उजव्या बाजूने वाहायचा असतो. फुप्फुसाच्या वाहिन्या आखडलेल्या असतील आणि उजवे निलय थकलेले असेल, तर डावीकडचे पाणी उतरण्याऐवजी पाय सुजतात, यकृत फुगते. शिवाय सांडवा एकदा बांधला की कायमचा.

ज्यांना फायदा दिसला त्यांच्यासारखे रुग्ण निवडून नवी चाचणी हाती घेतली गेली आहे. तोवर हे निष्कर्ष पोटगटांचे आहेत, आणि पोटगटांनी वैद्यकाला याआधीही फसवले आहे.

दाब उतरवण्याआधी तो मोजता येणे ही वेगळीच कहाणी. कार्डिओमेम्स नावाचा बिनबॅटरीचा बारका संवेदक फुप्फुसाच्या धमनीत ठेवतात. रुग्ण घरी विशिष्ट उशीवर झोपला की दाबाचा आकडा डॉक्टरांपर्यंत जातो. 2011 साली 550 रुग्णांवरच्या चाचणीत यामुळे इस्पितळाच्या खेपा सहा महिन्यांत सुमारे तीस टक्क्यांनी घटल्या. उपचार तेच, लघवीच्या गोळ्या, फक्त वेळेवर कमीजास्त केलेल्या. दाब चढू लागतो तो वजन वाढण्याच्या आणि दम लागण्याच्या पुष्कळ आधी.

एक बाजूची गोष्ट इथे सांगायलाच हवी. आपल्या खेड्यांत तरुण बाईला, विशेषतः गरोदरपणी, असा दम लागला तर संधिवाती तापाने आकसलेली झडप हे कारण असू शकते. तिथे सांडव्याचा विचार नकोच, अडलेले दारच उघडायचे. जपानच्या कानजी इनोऊए यांनी 1980च्या दशकात आणलेल्या फुग्याने ते उघडता येते. आपल्याकडे ही प्रक्रिया आता नेहमीची झाली आहे, आणि अलिंदाचा दाब त्याच टेबलावर उतरताना दिसतो.

बहिणीचे कागद पुण्याच्या तज्ज्ञांना दाखवले. ताठ हृदय, त्यात फुप्फुसाच्या धमनीतला दाबही वाढलेला. “यांना छिद्र नको,” ते म्हणाले. डापाग्लिफ्लोझिन सुरू केले. मूळचे मधुमेहाचे हे औषध ताठ हृदयालाही उपयोगी पडते हे 2022 साली सिद्ध झाले, आणि पेटंट 2020 मध्ये संपल्याने ते आपल्याकडे स्वस्तात मिळते. लघवीची गोळी, रक्तदाबावर ताबा. लोणचे, पापड बंद; चिवड्याची वाटी सुनेच्या हातून. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले तर दमाची वाट न पाहता फोन. भाच्याने भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी वही टांगली आहे. नदीकाठच्या तुकड्यात यंदा खोडवा आहे.