रानमेव्याचे शरीरात काय होते?

कर्जत तालुक्यातील कशेळे परिसरात वैशाख सरता सरता करवंदे आणि जांभळे पिकू लागतात. ठाकूर व कातकरी वाड्यांवरील मुले हा रानमेवा आवडीने खातात. जांभूळ खाल्ले की जीभ जांभळी होते. परंतु पोटात गेल्यावर या फळांतील द्रव्यांचे काय होते, हे जाणून घेणे उद्‌बोधक ठरेल.

जांभळाचा रंग अँथोसायनिन नामक द्रव्यांमुळे येतो. त्यांचा अल्प अंशच जठर व लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो. उरलेला भाग मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जीवाणू त्याचे लहान घटकांत विघटन करतात व त्यांपैकी काही रक्तात जातात. यकृत या घटकांवर प्रक्रिया करते आणि ते बहुतांशी मूत्रावाटे बाहेर पडतात. म्हणजेच अशी द्रव्ये शरीरात दीर्घकाळ साठून राहत नाहीत.

'क' जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मानवी शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. आहारातील नेहमीच्या प्रमाणापैकी सुमारे ७० ते ९० टक्के भाग लहान आतड्यात शोषला जातो. मात्रा फार वाढविल्यास शोषणाचे प्रमाण घटते व जादा भाग मूत्रावाटे निघून जातो.

या जीवनसत्त्वाचे महत्त्वाचे कार्य जेवणाच्या ताटातच घडते. नाचणी, कडधान्ये व पालेभाज्या यांत लोह असते. तथापि त्यांतीलच काही द्रव्ये ते बांधून ठेवतात व शरीराला त्याचा थोडाच अंश मिळतो. त्याच जेवणात आवळा किंवा लिंबू असल्यास 'क' जीवनसत्त्व लोहाला विद्राव्य ठेवते आणि त्याचे शोषण वाढते. उलट, जेवणासोबत घेतलेला चहा हे शोषण रोखतो.

रक्तक्षय ही माता व बालकांची गंभीर समस्या आहे. तिच्या निवारणासाठी देशात १९७० पासून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचा कार्यक्रम सुरू आहे. फळे या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र रोजच्या अन्नातील लोह अंगी लागण्यास साहाय्य करतात. हिवाळ्यात आवळा, एरवी लिंबू, तेही न शिजवता व जेवणासोबतच द्यावे. चहा तासाभराने घ्यावा. शाळेच्या आहारात व अंगणवाडीत शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी एवढी दक्षता घेतली, तर भाकरीतील लोहाचा लाभ मुलांना अधिक प्रमाणात मिळेल.