ठाण्याची जबानी : दोन दशकांचा मागोवा

यावलसारख्या तालुक्याच्या गावी वार्ताहर हा बहुधा तुटपुंज्या मानधनावर आणि जाहिरातींच्या कमिशनवर गुजराण करणारा इसम असतो; पोलीस ठाण्यात हजेरी लावून फिर्यादींचा गोषवारा उतरवून घेणे हा त्याचा परिपाठ, आणि चोरी-अपघाताच्या बातमीपुरता तो रास्तही आहे. परंतु आरोप जेव्हा खुद्द ठाण्यावरच येतो, तेव्हा ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच जबानी निकालाच्या थाटात छापली जाते.

घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात अटकेत असलेला परभणीचा ख्वाजा युनूस औरंगाबादकडे नेत असता जीपला अपघात होऊन निसटला, असे पोलिसांनी 2003 च्या जानेवारीत सांगितले. पुढे सीआयडीच्या तपासाअंती त्याच्या कोठडीतील मृत्यूबद्दल पोलिसांवरच खटला उभा राहिला. 2017 च्या नोव्हेंबरात सांगलीचा अनिकेत कोथळे हाही असाच फरारी ठरवला गेला. कोठडीतील मारहाणीत तो मरण पावल्याचे आणि त्याचे प्रेत आंबोलीला नेऊन जाळल्याचे मागाहून तपासात उघड झाले.

आपल्या खानदेशात, 6 जानेवारी 2013 रोजी धुळ्याच्या मच्छीबाजार परिसरात उपाहारगृहाच्या बिलावरून उद्भवलेल्या तंट्याचे दंगलीत पर्यवसान होऊन पोलीस गोळीबारात सहा जणांचा अंत झाला, तेव्हा जमाव अनावर झाल्याने गोळीबार अपरिहार्य होता, हा सरकारी खुलासा अग्रभागी राहिला. परंतु गणवेशातील शिपायांचीच मोडतोड आणि लूट दाखवणारे मोबाइलवरील चित्रण बाहेर येताच सहा पोलिसांना अटक करणे सरकारला भाग पडले. उलटपक्षी, 2021 मध्ये जळगावच्या महिला वसतिगृहाविषयी पोलिसांवर झालेले आरोप चौकशीत तथ्यहीन ठरल्याचे गृहमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. म्हणजे आरोपही पडताळणीवाचून छापण्याजोगा नसतोच.

डिसेंबर 2024 मध्ये परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा आरंभी हृदयविकाराचे कारण पुढे आले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता, आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा हुकूम दिला.

कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, अशी तरतूद 2006 पासून अमलात आहे. कायद्यानेच जेथे पोलिसांचा शब्द अखेरचा मानलेला नाही, तेथे वृत्तपत्राने तो मानण्याचे प्रयोजन काय? ठाण्याचे निवेदन अवश्य छापावे, परंतु ते एका पक्षाचे म्हणणे म्हणून, नातेवाइकांच्या जबानीशेजारी. आणि शवविच्छेदनाचा व चौकशीचा अहवाल हाती येईल त्या दिवशी पहिल्या बातमीइतकीच जागा त्यालाही द्यावी.